शुक्रवारचा परदेश

चाचांना हळू बोलता येत नसे. गुपितसुद्धा ते असं सांगत की गल्लीच्या टोकावरचा पानवाला मान डोलवायचा. तरुणपणापासून भिवंडीत, नारपोलीच्या कापड कारखान्यांत जॉबर म्हणून, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारा म्हणून, त्यांनी इतकी वर्षं काढली होती की कानांनी केव्हाच राजीनामा दिला होता. त्याची भरपाई डोळ्यांनी केली. लूमच्या खटखटाटात काम करणारी माणसं एकमेकांचे ओठ वाचतात. चाचा तर रस्त्यापलीकडच्या माणसाचे ओठ वाचत. गॅलरीत खुर्ची टाकून बसले की समोरच्या टपरीवर कोण कोणाबद्दल काय बोलतंय, हे आम्हाला घरबसल्या कळे. "तो निळा शर्टवाला म्हणतोय, सासऱ्याला सांगू नको," असं ते भर गल्लीत जाहीर करत. निळा शर्टवाला अर्धा चहा टाकून पसार होई.

मी त्यांची भाडेकरू होते. ठरलं होतं पंधरा दिवस, राहिले दीड वर्ष.

मी नर्स आहे. युरोपातल्या एका थंड देशात माझी नोकरी पक्की झाली होती. भाषेची परीक्षा पास झाले होते, करारावर सह्या झाल्या होत्या, फक्त कामाचा व्हिसा यायचा होता. 'फक्त' हा शब्द मी तेव्हा सढळ हातानं वापरत असे. "खोली फक्त पंधरा दिवसांसाठी हवीय," मी चाचांना म्हटलं. त्यांनी चष्म्यातून आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या दोन नव्याकोऱ्या बॅगांकडे पाहिलं आणि ओरडले, "कुठं अडकलीय फाइल?"

त्यांची इमारत म्हणजे खाली लूमचा कारखाना आणि वर काटकोनात सहा खोल्या. एका टोकाला ते स्वतः, बाकीच्या खोल्यांत व्हिसाला अडकलेली माणसं. कुणी वेल्डर, कुणी आचारी, कुणी माझ्यासारखी. आज आहेत, उद्या नाहीत, अशा लोकांना दुसरं कोणी खोली देत नसे. चाचा मुद्दाम त्यांनाच देत. नारपोलीत त्या इमारतीला सगळे वेटिंग रूम म्हणत, आणि चाचांना त्याचा रागही येत नसे.

पण त्या वेटिंग रूमचे कायदे होते. पहिला कायदा, व्हिसा लांबला की जड वस्तू विकत घ्यायची. पहिल्या महिन्यात लोखंडी बादली, तिसऱ्यात खाट, सहाव्यात पाटा-वरवंटा.

"प्लास्टिकची बादली घेतली तर?" मी विचारलं.

"चालणार न्हाय. प्लास्टिक माणूस जाताना टाकून जातो. जड घे. वर आणताना हात दुखले पायजेत."

"अहो, पण मला आता जायचंच आहे!"

यानं दुसरा कायदा मोडला. 'आता जायचंच आहे' असं जो म्हणेल त्यानं अख्खा जिना झाडायचा. कारखान्यातून कापसाचे तंतू उडून जिन्यावर रोज पांढरा थर बसत असे, त्यामुळे ही शिक्षा काही नावापुरती नव्हती. पहिल्या महिन्यात मी तो जिना अकरा वेळा झाडला. पुढे पाटा वर चढवताना मी दातओठ खात काहीबाही पुटपुटत होते, तर गॅलरीतून माझ्या तोंडाकडे बघत चाचा म्हणाले, "दे, दे, अजून दे शिव्या. पण पाटा पाडू नको."

व्हिसाचं काय झालं ते मोबाइलवर बघता येई. मी दिवसातून चाळीसदा बघत असे. भिवंडीतल्या एका खाजगी दवाखान्यात मी तात्पुरती ड्युटी धरली होती, तिथंही औषधांच्या ट्रॉलीवर फोन उघडाच असायचा. एकदा एका आजोबांचं सलाइन संपलेलं माझ्याआधी त्यांच्या सुनेला दिसलं. तिनं मला जे ऐकवलं ते मी चाचांना सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर बोलली ती. आता दिवसातून एकदा बघायचं. चार वाजता, माझ्यासमोर."

मग रोज चारला, सकाळची ड्युटी करून मी आले की, चाचा टोपी घालत, चष्मा पुसत आणि गॅलरीत सरळ उभे राहत. एखादा साहेब भेटीला येणार असल्यासारखे.

"काय म्हणते फाइल?"

"अर्ज प्रक्रियेत आहे."

"म्हणजे जिवंत हाय. चल, चहा ठेव."

थांबणं ही पण एक ड्युटी आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. नुसतं बसून थांबलं की माणूस आतून कुजतो, काम करत थांबलं की नुसता थकतो, आणि थकलेल्याला भूक तरी लागते. हे सगळं ते ओरडून सांगत, त्यामुळे पाचही खोल्यांना एकदमच उपदेश होई.

हे मी आता हसत लिहितेय. तेव्हा मी हसत नव्हते, कारण मी एक गोष्ट सगळ्यांपासून लपवली होती. मला साडेचार वर्षांची मुलगी होती.

घरात तिला सगळे बारकी म्हणत. नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर मी तिला घेऊन अंबाडीला, माझ्या आईकडे राहत होते. परदेशाचा सगळा घाट तिच्यासाठीच. मी आधी जायचं, बस्तान बसवायचं, मग तिला बोलवायचं. मुलाखत पार पडली, एजंट म्हणाला पंधरा दिवसांत व्हिसा हातात, आणि आमच्याकडची माणसं अशा वेळी जे करतात ते सगळं झालं. मी नोकरी करत होते त्या तिथल्या दवाखान्यानं शाल-श्रीफळ दिलं. नाक्यावरच्या दुकानदारांनी हार घातले. बायकांनी ओटी भरली, लोणच्याच्या बरण्या दिल्या. मी भिवंडीच्या एसटीत बसले तेव्हा अर्धा नाका हात हलवत होता. एजंटचं ऑफिस भिवंडीत, शेवटचे कागद तिथूनच उचलून थेट विमानतळावर जायचं, असा बेत होता.

व्हिसा आला नाही. तीन आठवडे झाले, मी आईला फोन करून म्हटलं, "मी घरी येते गं."

"येऊ नको," आई म्हणाली. "लोकांनी हार घातलेत. आता तोंड दाखवलंस तर म्हणतील, हिला तिकडं कोणी घेतली न्हाय. मी सांगितलंय सगळ्यांना, तू पोचलीस."

अशा रीतीनं मी परदेशी पोचले.

बारकीलाही तेच सांगितलं होतं. लहान पोर, तिच्या तोंडून गावभर झालं असतं. आता परदेशातल्या आईनं फोन तर केला पाहिजे. पण रोज खाली लूम चालू. व्हिडिओ कॉल लावला की खटखट थेट अंबाडीला पोचणार. शुक्रवारी मात्र भिवंडीचे कारखाने बंद असतात. म्हणून मी शुक्रवारी फोन करत असे. मागच्या भिंतीवर पांढरी चादर लावायची, गळ्यापर्यंत स्वेटर चढवायचा आणि हसायचं.

"आई, तिकडं काय चाललंय?"

"इथं बर्फ पडतोय गं."

"लय थंडी हाय?"

"खूप. हात गार पडलेत बघ."

मे महिना होता. स्वेटरच्या आत पाठीवरून घामाच्या धारा चालल्या होत्या. फोन ठेवल्यावर मी तशीच जमिनीवर बसत असे आणि उरलेला दिवस कशालाच हात लागत नसे. तिला हा दुरावा सोसायची सवय होतेय, हे बरंच आहे, अशी मी स्वतःची समजूत काढत होते. असे पाच महिने गेले.

त्या शुक्रवारी मी फोन ठेवून स्वेटर डोक्यावरून काढला, तर दारात चाचा. माझी खिडकी त्यांच्या गॅलरीच्या बरोबर समोर होती, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"सिस्टर," ते त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "बर्फ कुठं पडतोय?"

लूम बंद होते. सगळ्या इमारतीनं ते ऐकलं असणार. मी खोटं बोलायचा प्रयत्न केला, ते जमलं नाही, मग सगळं सांगून टाकलं. सांगता सांगता रडू फुटलं, तर ते म्हणाले, "रडू नको. ओठ वाकडे होतात, वाचता येत न्हाय." मी तोंड पुसून पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

ते खाटेवर बसले.  मग त्यांनी जे सांगितलं ते मला शब्द न् शब्द आठवतं.

"मला पण व्हिसा यायचा होता. आखातात, कापडाच्या मिलमध्ये. दोन वर्षं लावली त्यानं. दोन वर्षं मी कामावर गेलो न्हाय, आता जायचंच हाय म्हणून. दारात बसायचो, पोस्टमनची वाट बघायचो. माझा मुलगा त्याच दोन वर्षांत चालायला लागला, बोलायला लागला. पहिलं पाऊल त्यानं कुणाकडं टाकलं, मला ठाऊक न्हाय. मी तिथंच बसलेला होतो, सिस्टर. समोर. मग व्हिसा आला, अकरा वर्षं तिकडं काढली. त्या अकरा वर्षांचा मला गम न्हाय, ती नोकरी होती. पण ती दोन वर्षं घरात असून मी घरात नव्हतो. ती कोण परत देणार?"

मी भिंतीवरची पांढरी चादर उतरवली.

"अंबाडी किती लांब इथून?"

"एसटीनं तासभर."

"तासभर," ते म्हणाले. जमिनीवर पडलेल्या स्वेटरकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि उठून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून माझ्या दारात हजर. मी ड्युटीचं कारण सांगितलं. ड्युटी त्यांनी आदल्या संध्याकाळीच दवाखान्यात जाऊन बदलून घेतली होती. एसटीत सबंध रस्ताभर मी एकच घोकत होते, कोणी विचारलं तर सुट्टीवर आलेय म्हणायचं.

अंबाडी नाक्यावर उतरलो तोच भाजीवाल्या काकूंनी मला पकडलं. "अगं बाय! तू परदेशी गेली व्हतीस ना? कवा आलीस?"

मी 'सुट्टी'तला 'सु' म्हणेपर्यंत चाचांनी त्यांचे ओठ वाचले होते.

"गेलीच न्हाय ती!" ते गरजले. "फाइल अडकलीय! पाच महिने झाले, नारपोलीत हाय, माझ्या खोलीत!"

नाक्यावरची सगळी तोंडं आमच्याकडे वळली. चाचांना काहीतरी चुकल्याचं जाणवलं असावं. "भाड्यानं!" त्यांनी तितक्याच जोरात पुस्ती जोडली.

पुढे झेरॉक्सवाल्यानं विचारलं, त्याला तेच उत्तर. हार्डवेअरवाल्यानं विचारलं, त्यालाही तेच, जरा चढ्या आवाजात. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. पण चौथ्या दुकानापर्यंत विचारणारं कोणी उरलंच नाही. सगळ्यांना ऐकू गेलं होतं. उलट हार घालणाऱ्यांतलेच एक काका म्हणाले, "माझ्या भाच्याचा पण अडकलाय. सव्वा वर्ष झाला. आमी कुनाला बोललो न्हाय." पाच महिने ज्या लाजेच्या भीतीनं मी लेकीला सोडून बसले होते, त्या लाजेचा दहा मिनिटांत निकाल लागला.

बारकी अंगणात खेळत होती. मला बघून ती धावत आली नाही. उभी राहिली, मग हळूहळू जवळ आली. माझा हात धरून तिनं आपल्या गालाला लावला.

"आई, तू गार न्हाय?"

 चाचा गुडघे मोडून तिच्यासमोर बसले.

"आई तिकडं गेलीच न्हाय, बेटा. खोटं बोलली. चुकलं तिचं."

"मग कुठं व्हती?"

"नारपोलीला."

"तिकडं विमानानं जातात?"

"एसटीनं."

बारकीनं माझ्याकडे पाहिलं. आई दारात कपाळाला हात लावून उभी होती. त्याच दिवशी बारकीचे फ्रॉक पिशवीत भरून आम्ही तिला नारपोलीला आणलं.

त्यानंतरचं वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं वर्ष. कागदोपत्री ते मी व्हिसाची वाट बघण्यात घालवलं, असं दिसतं. बारकी महिन्याभरात ओरडून बोलायला शिकली. चाचा जमिनीवर तळवा टेकवून खालचा कुठला लूम लंगडतोय ते सांगत, आणि तो खरोखरच बिघडलेला निघे. तीही त्यांच्या शेजारी पालथी पडून तळवा टेकवायची. चार वाजता ते टोपी घालत तेव्हा ती डोक्यावर रुमाल बांधून उभी राहायची आणि मला विचारायची, "काय म्हणते फाइल?" दवाखान्यात तिला इंजेक्शन द्यायचं होतं, तेव्हा आम्ही सगळे म्हणालो, अजिबात दुखणार नाही. तिनं चाचांकडे पाहिलं. ते म्हणाले, "दुखेल. तीन मोजेपर्यंत." तिनं तीन मोजले. त्या दिवसापासून कुठल्याही गोष्टीचा शेवटचा निकाल ती त्यांच्याकडून घेऊ लागली. माझ्याकडून नाही. याचं मला वाईट वाटे, आणि तक्रार करायला मला तोंड नव्हतं.

चाचा गेले ते मागच्या हिवाळ्यात. त्यांच्या मुलानं कळवलं. मी आता खरोखरच त्या थंड देशात आहे, बारकीही आलीय, शाळेत जाते. जायला हवं होतं. पण माझा इथला परवाना नूतनीकरणासाठी गेला होता, आणि तो हातात आल्याशिवाय देश सोडला तर परत येता येईल याची खात्री नव्हती. मी कार्यालयात फोन केला. पलीकडच्या बाईंनी फार अदबीनं सांगितलं, अर्ज प्रक्रियेत आहे. इथं सगळे अदबीनं आणि हळू बोलतात. वॉर्डात मला दोनदा समज मिळालीय, आवाज कमी ठेवा म्हणून. घरात मात्र बारकी आणि मी एकमेकींशी नारपोलीच्या आवाजात बोलतो आणि शेजारचे भिंत ठोकतात. मला त्या गॅलरीची फार आठवण येते. कोणीतरी ओरडून हाक मारावी, असं भर रस्त्यात वाटतं.

तेव्हा नारपोलीत माझा व्हिसा आला तो एका मंगळवारी. मोबाइलवरची ओळ बदललेली दिसली.  चाचांनी माझ्याकडे पाहिलं आणि टोपी काढली.

"झालं?"

"झालं."

"चांगलं झालं," ते म्हणाले. चहा त्या दिवशी त्यांनी ठेवला, आणि नंतरचे तीन दिवस ते माझ्याशी फारसे बोलले नाहीत.

व्हिसा माझ्या एकटीचा होता. बारकीचे कागद मी तिकडे पोचल्यावरच सुरू होणार होते, म्हणजे पुन्हा कितीतरी महिने. तोवर तिला अंबाडीला आईकडे ठेवायचं होतं. मी तिला जवळ बसवलं आणि नीट सांगितलं, मी परदेशी जातेय. ती फ्रॉकच्या घड्या करत होती.

"म्हंजे नारपोलीलाच ना?"

"नाही गं. खरंच परदेशी. विमानानं."

"हां हां," ती म्हणाली आणि तिनं मला डोळा मारला. "शुक्रवारी फोन कर. मग मी एसटीनं येते."

मी तिला तीनदा सांगितलं. तीनही वेळा ती हसली. अंबाडीला सोडलं तेव्हा तिनं मजेत हात हलवला आणि खेळायला पळाली. आई म्हणाली, "बरं झालं, रडली न्हाय." पण पोर खोटं धरून बसली होती, आणि ते खोटं मीच तिला शिकवलं होतं. हे मी चाचांना सांगितलं. 

निघायच्या दिवशी चाचा घरात नव्हते. खोलीला कुलूप. शेजारचा वेल्डर म्हणाला, भल्या पहाटेच कुठंतरी गेले. मी वाट बघितली, मग रिक्षात बसले. अंजूरच्या वळणापर्यंत मागं वळून बघत होते. मला भयंकर राग आला होता. सगळ्या गल्लीला ओरडून उपदेश करणाऱ्या माणसाकडे माझ्यासाठी एक शब्द नव्हता.

विमानतळावर सामान दिलं, आत गेले, आणि विमानाला अर्धा तास असताना आईचा फोन आला.

"ते तुझे चाचा सकाळच्या पहिल्या एसटीनं आलेत," आई म्हणाली. "दिवसभर बारकीजवळ ओट्यावर बसून हायत. जेवले पण न्हाय. आत्ता त्यांनी तिला सांगितला."

"काय सांगितलं?"

"की तुझी आई आज खरंच जाते. एसटीनं जाता येत न्हाय तिकडं. लय दिवस येणार न्हाय ती. मी बोलले, कशाला सांगता पोरीला. तर ऐकतात कुठं?"

मग फोन बारकीनं घेतला. 

"आई, चाचा म्हणतात, तू चाललीस."

"हो गं."

"नारपोलीला न्हाय?"

"नाही."

"खरंच?"

"खरंच, बाळा."

आणि ती रडायला लागली. दीड वर्षापूर्वी नाक्यावर सगळे हात हलवत होते तेव्हा ती अशी रडली नव्हती, पाच महिन्यांच्या शुक्रवारांत रडली नव्हती. ते सगळं आता एकदम आलं. मागून आई म्हणत होती, उगी, उगी. त्याच्याही वर चाचांचा आवाज आला, "रडू दे! सिस्टर, तिला गप्प करू नको!"

मी गप्प केलं नाही. विमानाची घोषणा झाली, रांग पुढे सरकू लागली, मी फोन कानाला धरून उभी राहिले. माझ्या लेकीनं माझं बोलणं खरं मानलं होतं, आणि तिला जवळ घ्यायला मी तिथं नव्हते.